पाडकामाच्या काँक्रीटची खडी नव्या काँक्रीटमध्ये वापरताना: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

जुनी इमारत पाडून त्याच जागेवर नवी उभी करताना निघालेले काँक्रीट क्रशरमधून काढले की खडी तयार झाली, असा समज सर्रास आढळतो. ही खडी वापरून फसलेल्या कामांकडे पाहिले तर दोष क्रशरचा क्वचितच असतो. पाडकामाच्या दिवशी विटा, पीओपी आणि स्लॅबचे तुकडे एकाच ढिगात पडतात, तेव्हाच निम्मे नुकसान होऊन गेलेले असते. उरलेले नुकसान मिक्सरपाशी होते, जेव्हा कोरडी खडी आत जाते आणि माल घट्ट झाला म्हणून कोणीतरी पाइप सोडतो.

पुढील टप्पे लहान किंवा मध्यम आकाराच्या आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या, इमारतीचे पाडकाम आणि त्याच जागेवरील नवे काम गृहीत धरून लिहिले आहेत. दगडाच्या खाणीतून येणाऱ्या नेहमीच्या खडीला येथे ‘खाणीची खडी’ म्हटले आहे. केवळ काँक्रीट फोडून मिळालेली ती ‘काँक्रीटची खडी’, आणि जिच्यात विटा, फरश्या व गिलावा मिसळलेला आहे ती ‘मिश्र खडी’. हा भेद शब्दांपुरता नाही, कारण पुढचे जवळजवळ सगळे निर्णय त्याच्यावरच ठरतात.

टप्पा १: खडी कोठे वापरायची ते पाडकामाआधी ठरवा

खडीसाठीचे भारतीय मानक आयएस ३८३ याच्या २०१६ च्या आवृत्तीत पाडकामाच्या खडीला मान्यता आहे, पण तिला मर्यादा घातलेल्या आहेत. काँक्रीटची खडी साध्या, म्हणजे सळई नसलेल्या, काँक्रीटमध्ये एकूण जाड खडीच्या वजनाच्या २५ टक्क्यांपर्यंत वापरता येते. आरसीसीमध्ये ही मर्यादा २० टक्के आहे आणि तीही फक्त एम-२५ ग्रेडपर्यंत (‘एम’पुढचा आकडा म्हणजे काँक्रीटची २८ दिवसांनंतरची ताकद, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये). एम-१५ पेक्षा कमी ग्रेडच्या हलक्या काँक्रीटमध्ये, म्हणजे पायाखालच्या पीसीसीसारख्या (साध्या काँक्रीटच्या थरासारख्या) कामात, ती शंभर टक्के चालते. मिश्र खडी मात्र केवळ या हलक्या काँक्रीटमध्येच वापरता येते. आरसीसीमध्ये किंवा वरच्या ग्रेडच्या साध्या काँक्रीटमध्ये तिला जागा नाही.

किनारपट्टीवर काम करणाऱ्यांनी या मर्यादा काँक्रीटच्या बांधकामाचे भारतीय मानक आयएस ४५६ शेजारी ठेवून वाचाव्यात. समुद्राच्या हवेला उघड्या असलेल्या आरसीसीसाठी त्या मानकाप्रमाणे किमान एम-३० ग्रेड लागते आणि काँक्रीटच्या खडीला परवानगी एम-२५ पर्यंतच आहे. मुंबईच्या किनाऱ्यालगत, कोकणात किंवा गोव्यात अशा उघड्या कॉलम-बीममध्ये ही खडी घालावी की नाही, हा प्रश्न त्यामुळे तेथेच मिटतो. तेथे तिचा उपयोग पीसीसी, भराव आणि आवारातील कामापुरताच धरावा.

माझे मत असे की हे काम पहिल्यांदा करणाऱ्याने आरसीसीच्या वाटेला जाऊ नये. फुटिंगखालची पीसीसी, प्लिंथच्या आतला बेड आणि आवारातील जोत्याभोवतीचा पट्टा एवढ्या कामांतच लहान इमारतीच्या पाडकामातली बरीचशी चांगली खडी खपते. शिवाय त्यातली चूक इमारतीच्या मजबुतीवर येत नाही. आरसीसीत वापरायचीच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी संमती पाडकामाच्या आधी घ्यावी, ढीग तयार झाल्यावर नव्हे.

एकाच इमारतीत एकाच प्रकारची पर्यायी जाड खडी वापरावी, असेही मानक सांगते. काही कॉलममध्ये पाडकामाची खडी आणि काहींमध्ये पोलादाच्या भट्टीतल्या मळीची (स्लॅगची), असा प्रकार चालत नाही.

टप्पा २: उभी इमारत नीट पाहून घ्या

पाडण्याआधी अर्धा दिवस इमारतीत फिरावे आणि काय-काय वेगळे काढायचे याची यादी खोलीवार करावी. सर्वांत आधी पीओपीची फॉल्स सीलिंग आणि जिप्समचा गिलावा शोधावा. जिप्सममध्ये सल्फेट असते. ते नव्या सिमेंटशी संयोग पावून हळूहळू फुगते आणि काही महिन्यांनी काँक्रीट आतून तडकते. भिंतीवरचा पांढरा थर पीओपीचा आहे की नेहमीच्या सिमेंट-वाळूचा, हे खिळ्याने कळते. पीओपी नखानेही खरवडला जातो आणि त्याची पांढरी भुकटी पडते, तर सिमेंटचा गिलावा खिळ्याला करकरतो आणि त्यातून वाळूचे कण सुटतात.

नंतर गच्चीवर जावे. आपल्याकडे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी विटांच्या तुकड्यांचा कोबा घालण्याची पद्धत जुनी आहे आणि तो सहसा चांगला जाड असतो. तो तसाच ठेवून स्लॅब फोडला, तर सर्वांत चांगल्या काँक्रीटमध्ये विटा मिसळतात आणि काँक्रीटची खडी एका दिवसात मिश्र खडी होते. डांबरी शीट आणि थर्मोकोलचा थर असेल तर तोही कोब्याबरोबरच उतरवावा.

मीठ, खत किंवा रसायने साठवलेल्या खोल्या, संडास-बाथरूमचे सतत ओले राहिलेले स्लॅब आणि आगीत सापडलेला भाग यांवर खडूने फुली मारावी. या भागांचे काँक्रीट नव्या काँक्रीटसाठी घेऊ नये.

*सावधान:* जुन्या शेडवर किंवा गच्चीवरच्या छपरावर अॅस्बेस्टॉसचे सिमेंटपत्रे असतील तर ते फोडू नयेत. ते अखंड उतरवून, ओले करून, वेगळे गुंडाळून धोकादायक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्यावेत. क्रशरजवळ ते येताच कामा नयेत.

टप्पा ३: पाडकामाचा क्रम

क्रम साधा आहे, पण पोकलेन आला की तो मोडतो. म्हणून यंत्र येण्याआधी हाताने करायची सगळी कामे पूर्ण करावीत.

सुरुवातीला दारे, खिडक्या, वायरिंग, प्लंबिंग, काच, पीओपी आणि फरश्या काढाव्यात. त्यानंतर गच्चीचा कोबा उतरवावा. मग स्लॅब आणि बीमला टेकू देऊन आतल्या विटांच्या भिंती पाडाव्यात आणि त्यांचा माल बाहेर न्यावा. सर्वांत शेवटी कॉलम, बीम आणि स्लॅब यांना हात लावावा. भिंती आणि स्लॅब एकत्र पाडले तर वेळ वाचल्यासारखे वाटते, पण विटा वेगळ्या करायला लागणारी मजुरी त्या वाचलेल्या वेळेपेक्षा महाग पडते आणि विटा पूर्ण निघतही नाहीत.

मोठ्या प्रमाणात राडारोडा काढणाऱ्यांनी, म्हणजे दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टनांहून जास्त काढणाऱ्यांनी, त्याचे चार भाग वेगळे ठेवावेत असे २०१६ च्या केंद्रीय नियमांत होते: काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक, आणि विटा-गिलावा. आपले काम लहान असले तरी हे चार ढीग करावेत, आणि पीओपीसाठी पाचवा. पीओपीचा ढीग वेगळा नसला की तो नकळत विटांमध्ये जातो, आणि विटा बारीक करून पीसीसीत टाकल्या की तेथेही तोच उपद्रव होतो.

ढीग मातीवर करू नयेत. जुन्या पार्किंगची फरशी असेल तर तिच्यावर करावेत, नाहीतर खाली पत्रे घालावेत. माती चिकटलेले तुकडे धुऊन स्वच्छ करता येतात, पण त्यासाठी लागणारे पाणी आपल्या गावात उन्हाळ्यात कोठून आणणार, याचा विचार आधी करावा.

*तपासणी:* काँक्रीटच्या ढिगातून पाच निरनिराळ्या ठिकाणांहून घमेलेभर माल घ्यावा आणि ताडपत्रीवर पसरून विटा, काच, लाकूड, पीओपी आणि फरशीचे तुकडे हाताने वेगळे करून वजन करावे. मी स्वतः असे ठरवले आहे की शंभर किलोंत पाच किलोंहून जास्त विटा निघाल्या तर तो ढीग मिश्र खडीत जमा करायचा. पीओपी किंवा काच मुठीत मावेल एवढी जरी निघाली, तरी ढीग पुन्हा निवडायला लावायचा.

टप्पा ४: फोडणे, चाळणे आणि धुणे

ब्रेकरने तुकडे क्रशरच्या जबड्यात मावतील एवढे करावेत आणि बाहेर डोकावणाऱ्या सळया गॅसने कापून घ्याव्यात. जबड्याच्या क्रशरमधून एकदा काढलेली खडी लांबट आणि कोपरेदार निघते आणि तिच्यावर जुने मॉर्टर जाड थराने चिकटलेले राहते. ती दुसऱ्यांदा, आदळून फोडणाऱ्या क्रशरमधून काढली तर मॉर्टरचा बराच भाग झडतो आणि दाणा गोलसर होतो. आरसीसीसाठी दुसरा फेरा टाळू नये. पीसीसीसाठी पहिला पुरतो. पट्ट्यावर लोहचुंबक असावे आणि शेवटी दोन माणसे उभी राहून खिळे, तारा व प्लास्टिक वेचत राहावीत.

आवारात क्रशर लावणे शक्य नसेल तर प्रक्रिया केंद्राकडून तयार खडी घेता येते. पुण्याजवळ वाघोली येथे, तर मुंबई परिसरात दहिसर आणि शिळफाटा येथे अशी केंद्रे आहेत. पण तेथील खडी अनेक इमारतींच्या मालाची असते. त्यामुळे प्रत्येक खेपेची पाचव्या टप्प्यातली चाचणी करावी लागते. स्वतःच्याच इमारतीच्या खडीचा फायदा असा की तिचा पूर्वेतिहास आपल्याला माहीत असतो, आणि शक्यतो पुनर्विकासाच्या जागेवरचे काँक्रीट त्याच जागेवर वापरावे असाच मानकाचाही कल आहे.

चाळण्या २० मिमी, १० मिमी आणि ४.७५ मिमी अशा लावाव्यात आणि २० व १० मिमीचे ढीग वेगळे ठेवावेत. ४.७५ मिमीखालचा चुरा वाळूऐवजी वापरण्याचा मोह मोठा असतो आणि मानक त्यालाही ठरावीक मर्यादेत परवानगी देते. तरीही लहान साइटवर तो वापरू नये असे मी सांगेन, कारण या चुऱ्यात जुन्या सिमेंटची भुकटी सर्वांत जास्त असते आणि तो पाणी किती पिईल याचा अंदाज रोज बदलतो. जोत्यातील भरावात आणि पेव्हर ब्लॉकखालच्या थरात तो चांगला बसतो.

जुन्या सिमेंटची ताकद नव्या काँक्रीटला मिळते, म्हणून सिमेंट थोडे कमी चालते, असे काही ठेकेदार सांगतात. त्यावर विसंबून सिमेंटची गोणी कमी करू नये.

*सावधान:* क्रशरची धूळ ही सिलिकाची धूळ आहे. पाण्याचा फवारा सतत चालू ठेवावा आणि मजुरांना कापडी फडके न देता धूळ गाळणारे मास्क द्यावेत. खडी धुतलेले पाणी सिमेंटमुळे क्षारयुक्त असते. ते टाकीत साचवून, गाळ बसल्यावर पुन्हा धुण्यासाठीच वापरावे. नाल्यात किंवा झाडांच्या अळ्यात सोडू नये.

टप्पा ५: ढिगाची परीक्षा

ढिगातला एक खडा हातात घेऊन पाहावा. आपल्याकडच्या जुन्या इमारतीतला असेल तर एका बाजूला काळा बेसॉल्ट दिसेल आणि दुसऱ्या बाजूला राखाडी, सूक्ष्म छिद्रांचे मॉर्टर घट्ट धरलेले असेल. दोन्ही बाजूंवर पाण्याचा एकेक थेंब ठेवावा. बेसॉल्टवर थेंब गोल उभा राहतो, तर मॉर्टरवरचा पाहता-पाहता आत जाऊन फक्त ओला डाग उरतो. या खडीबद्दलच्या बहुतेक अडचणी त्या डागात आहेत.

म्हणून सर्वांत महत्त्वाची चाचणी पाणी शोषणाची. आयएस २३८६ च्या तिसऱ्या भागातली पद्धत कोणतीही प्रयोगशाळा करते आणि साइटवर वजनकाटा व ओव्हन असेल तर तेथेही करता येते. किमान दोन किलो खडी धुऊन २४ तास पाण्यात बुडवून ठेवावी. बाहेर काढून प्रत्येक खडा कापडाने टिपावा, म्हणजे पृष्ठभागावरची चकाकी जाते पण खडा आतून ओला राहतो, आणि मग वजन करावे. त्यानंतर १०० ते ११० अंश सेल्सिअसवर २४ तास सुकवून पुन्हा वजन करावे. टिपलेल्या खडीचे वजन २,१०४ ग्रॅम आणि सुकलेलीचे २,००० ग्रॅम आले, तर १०४ ग्रॅम पाणी शोषले गेले, म्हणजे ५.२ टक्के. खाणीतल्या चांगल्या बेसॉल्टचे शोषण एक-दीड टक्क्याच्या आसपास असते, यावरून फरक लक्षात येईल.

मानकाप्रमाणे या खडीचे शोषण पाच टक्क्यांपर्यंत असावे. मिश्रणाआधी खडी नीट भिजवणार असाल तर दहा टक्क्यांपर्यंत चालते. वरच्या उदाहरणातली खडी पाचच्या थोडी वर आहे, म्हणजे तिच्यासाठी भिजवणे ही अटच झाली.

प्रयोगशाळेत आणखी चार गोष्टी पाठवाव्यात: विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत खडी किती पट जड ते), आघातमूल्य (ठोकल्यावर किती टक्के चुरा होतो ते), आम्लात विरघळणारे क्लोराइड आणि एकूण सल्फेट. मानकाच्या मर्यादा अशा आहेत की विशिष्ट गुरुत्व २.१ ते ३.२ च्या दरम्यान असावे, क्लोराइड ०.०४ टक्क्यांवर जाऊ नये आणि सल्फेट ०.५ टक्क्यांवर जाऊ नये. आघातमूल्य साध्या कामासाठी ४५ टक्क्यांपर्यंत चालते, पण पार्किंग किंवा रस्त्यासारख्या झिजणाऱ्या पृष्ठभागासाठी ते ३० च्या आत हवे. किनाऱ्याजवळच्या इमारतीत क्लोराइडची चाचणी टाळू नये. त्या काँक्रीटने अनेक वर्षे खारी हवा प्यायलेली असते, आणि ते मीठ आपण नव्या सळईशेजारी नेऊन ठेवत असतो.

*तपासणी:* प्रत्येक ढिगावर पाटी असावी आणि तिच्यावर कोणत्या मजल्याचे काँक्रीट, कोणत्या तारखेला फोडले, शोषण किती, हे लिहिलेले असावे. पाटी नसलेला ढीग आरसीसीत जाऊ देऊ नये.

टप्पा ६: मिश्रणाचे गणित

येथे दोन चुका सर्वाधिक होतात आणि दोन्ही बेरीज-वजाबाकीच्या आहेत.

पहिली चूक वजनाच्या अदलाबदलीची. एम-२० चे एक घनमीटर मिश्रण पाहू: सिमेंट ३५० किलो, पाणी १७५ लिटर आणि फक्त खाणीची खडी वापरल्यास ती १,२४३ किलो. खाणीच्या खडीचे विशिष्ट गुरुत्व २.८५ आहे आणि पाडकामाच्या खडीचे २.४. आता १,२४३ किलोंच्या २० टक्के, म्हणजे २४९ किलो खाणीची खडी काढून तेवढ्याच वजनाची पाडकामाची टाकली, तर ती हलकी असल्याने सुमारे १६ लिटर जास्त जागा घेते. माल एक घनमीटरपेक्षा अधिक होतो आणि प्रत्येक घनमीटरमागचे सिमेंट तेवढे कमी पडते. एका घनमीटरला हे थोडेसे वाटते, पण शंभर टक्के वापराच्या पीसीसीत तोच फरक पाचपट होतो. म्हणून एकूण जागा स्थिर ठेवून वजने पुन्हा काढावीत. वरच्या उदाहरणात खडीची एकूण जागा ४३६ लिटर आहे. त्यात वजनाने २० टक्के पाडकामाची खडी बसवली तर खाणीची ९५८ किलो आणि पाडकामाची २४० किलो येते.

दुसरी चूक पाण्याची. मिश्रणाच्या पत्रकात लिहिलेले १७५ लिटर पाणी सिमेंटसाठी आणि मालाच्या ओलाव्यासाठी आहे. खडी पिणार असलेले पाणी त्यात धरलेले नसते. पाडकामाच्या खडीचे शोषण ५.२ टक्के आहे आणि त्या दिवशी तिच्यात १.८ टक्के ओल आहे, असे समजा. तिला अजून ३.४ टक्के पाणी प्यायचे आहे. २४० किलोंवर ते साधारण आठ लिटर होते, म्हणजे पन्नास किलोच्या एका गोणीमागे सव्वा लिटरहून किंचित कमी. एवढ्याने माल फारसा बिघडणार नाही. पण पीसीसीत १,०५० किलो पाडकामाची खडी असेल, तर हेच गणित सुमारे ३६ लिटरवर जाते. एक घनमीटर मिश्रणातल्या पाण्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा खडीच पिऊन टाकते. पीसीसी म्हणजे कमी महत्त्वाचे काम, म्हणून तेथे सैल सोडले जाते, आणि बेहिशोबी पाण्याचा फटका नेमका तेथेच सर्वांत मोठा बसतो.

उलटही होते. पावसात भिजलेल्या ढिगात ओल आठ टक्के असेल तर ५.२ टक्क्यांवरची २.८ टक्के ओल मिश्रणात सुटे पाणी म्हणून उतरते. ती पत्रकातल्या पाण्यातून वजा करावी लागते. पावसाळ्यात ढिगावर ताडपत्री टाकावी आणि ओल रोज सकाळी मोजावी. एक किलो खडी पसरट भांड्यात गॅसवर सुकवून वजनातला फरक पाहिला तरी पुरते.

*सावधान:* घमेल्याने किंवा फरमाने (मापाच्या पेटीने) मोजू नये. घमेले भरण्याची प्रत्येकाची रीत निराळी असते, आणि मर्यादेचे २० टक्के तर वजनाचे आहेत.

टप्पा ७: चाचणी मिश्रण

कामाच्या किमान पाच आठवडे आधी दोन मिश्रणे शेजारी-शेजारी करावीत, एक फक्त खाणीच्या खडीचे आणि दुसरे ठरवलेल्या प्रमाणातले. प्रत्येकाचे सहा क्यूब, म्हणजे ताकद तपासण्याचे ठोकळे, भरावेत. तीन सात दिवसांनी आणि तीन अठ्ठावीस दिवसांनी फोडावेत. एम-२० साठी लक्ष्य २० न ठेवता २६.६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ठेवावे, कारण साइटवरचा चढउतार गृहीत धरून २० मध्ये १.६५ गुणिले ४ एवढी भर घालावी लागते.

स्लंप, म्हणजे ताजा माल किती खाली बसतो याचे माप, मिक्सरमधून माल बाहेर येताच, अर्ध्या तासाने आणि एका तासाने असा तीनदा मोजावा. खाणीच्या खडीच्या मालापेक्षा दुसऱ्याचा स्लंप वेगाने उतरत असेल, तर खडी भिजवण्यात कमतरता आहे असे समजावे. प्लास्टिसायझरचे (पाणी न वाढवता माल सैल करणाऱ्या रसायनाचे) प्रमाण वाढवून ही उणीव तात्पुरती झाकली जाते, भरून निघत नाही.

टप्पा ८: खडी भिजवणे

ही खडी पहिल्या काही मिनिटांतच बरेचसे पाणी पिते, पण आतपर्यंत ओल पोहोचायला वेळ लागतो. आदल्या दिवशी दुपारी ढिगावर फवारा सुरू करावा, संध्याकाळी ढीग एकदा फावड्याने उलटून पुन्हा भिजवावा आणि रात्रभर गोणपाट व ताडपत्रीने झाकून ठेवावा. ढीग थोड्या उतारावर असावा, म्हणजे जास्तीचे पाणी तळातून निघून जाईल. सकाळी मूठभर खडी हातात घेतली तर खडे गडद दिसावेत, पण तळहात ओघळेल एवढे पाणी नसावे. वरची खडी सुकलेली आणि तळाची थबथबलेली असेल तर ढीग पुन्हा कालवून घ्यावा.

एका साइटवर एप्रिलमध्ये आम्ही सोसायटीच्या मागच्या आवारात शंभर टक्के पाडकामाची खडी घेऊन पीसीसी केली. आदल्या दिवशी टँकर आला नाही, म्हणून खडी न भिजवताच काम सुरू केले. मिक्सरमधून माल अगदी हवा तसा उतरत होता. घमेली चाळीस-पन्नास पावले जाईपर्यंत तो एवढा घट्ट होऊ लागला की फळीने ओढताना खडी उघडी पडे. मुकादमाने मिक्सरमध्ये प्रत्येक फेरीला अर्धी बादली जास्त टाकायला सुरुवात केली आणि मी अर्ध्या तासाने पोहोचेपर्यंत कोणालाच हिशोब राहिला नव्हता. महिन्याभरात त्या पट्ट्याच्या पृष्ठभागाची माती होऊ लागली, झाडू मारला की पांढरी भुकटी निघे. वरचा थर काढून पुन्हा करावा लागला. तेव्हापासून टँकर येईपर्यंत मिक्सर सुरू करायचा नाही, हे मी मुकादमाला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवतो.

टप्पा ९: मिक्सरमधला क्रम

सगळे एकदम टाकून मिक्सर फिरवण्यापेक्षा पाणी दोन हप्त्यांत टाकावे. आधी वाळू आणि दोन्ही प्रकारची खडी पाणी न टाकता मिनिटभर फिरवावी. मग निम्मे पाणी टाकून पुन्हा मिनिटभर, त्यानंतर सिमेंट टाकून अर्धा मिनिट आणि शेवटी उरलेले पाणी व प्लास्टिसायझर टाकून दोन मिनिटे फिरवावे. सिमेंट पडते तेव्हा पाणी निम्मेच असल्याने खड्यांवर आधी दाट लगदा बसतो आणि जुन्या मॉर्टरमधली छिद्रे व बारीक तडे काही प्रमाणात त्याने भरतात. वेळ प्रत्येक फेरीला साडेचार मिनिटांपर्यंत जातो. मजूर घाई करतात, म्हणून मिक्सरपाशी घड्याळ घेऊन एक माणूस ठेवावा.

*सावधान:* माल घट्ट वाटला तर पाण्याला हात न लावता खडीची ओल तपासावी. पाण्याचा पाइप मिक्सरपासून दूर ठेवणे आणि पाणी मापाच्या बादलीनेच देणे, हा नियम आरसीसीच्या दिवशी मोडू देऊ नये.

टप्पा १०: ओतणे, क्युरिंग आणि क्यूब

ओतण्याची रीत नेहमीचीच आहे, फक्त माल मिक्सरपासून जवळ ओतावा आणि व्हायब्रेटर एका जागी फार वेळ धरू नये. हलके खडे आणि मॉर्टर वर येण्याची प्रवृत्ती असते.

या काँक्रीटचे आकुंचन नेहमीच्या काँक्रीटपेक्षा जास्त असते, कारण जुने मॉर्टरही नव्याबरोबर आक्रसते. पृष्ठभाग बोटाने दबेनासा होताच ओले गोणपाट टाकावे. क्युरिंग किमान सात दिवस, आणि पीपीसी (राख मिसळलेले सिमेंट) किंवा मळीचे सिमेंट असेल अथवा हवा कोरडी व उष्ण असेल तर दहा दिवस, असे आयएस ४५६ सांगते. या खडीसाठी मी दहा दिवस सरसकट धरतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये त्याहूनही पुढे जाणे बरे.

क्यूब घेताना आरसीसीच्या एक ते पाच घनमीटर मालासाठी एक नमुना, सहा ते पंधरासाठी दोन, सोळा ते तीससाठी तीन आणि एकतीस ते पन्नाससाठी चार नमुने घ्यावेत. एक नमुना म्हणजे तीन क्यूब. त्या तिघांपैकी एखाद्याचा निकाल सरासरीपेक्षा पंधरा टक्क्यांहून जास्त सुटला, तर तो नमुना बाद ठरतो. असा विस्कळीत निकाल या खडीच्या कामात दिसला, तर फोडलेले क्यूब टाकून देऊ नयेत. तुटलेला पृष्ठभाग उन्हात धरून पाहावा. लाल वीट किंवा पांढरा पीओपी दिसला तर चूक निवडीची आहे. जुने मॉर्टर खड्यापासून स्वच्छ सुटून निघाले असेल तर दुसरा क्रशर फेरा कमी पडला. आणि नव्या लगद्यात हवेचे फुगे व पोकळ्या दिसत असतील तर माल घट्ट असताना नीट ठोकला गेला नाही. सात दिवसांचा निकाल कमी आला तर अठ्ठावीसाव्या दिवसाची वाट न पाहता त्या ढिगाचा वापर थांबवावा, आणि तोवर ज्या कॉलम-बीममध्ये तो माल गेला त्यांची नोंद ड्रॉइंगवर रंगाने करून ठेवावी.